सामनेवाला क्रमांक एक

४ ऑगस्ट २०२५

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, ओळ डोंगर चढायला निघालेली. वकील राजश्रीताई म्हणाल्या, "रोज किती दुखतं, झोप किती वेळा मोडली, कुठलं काम अडलं, सगळं लिहून ठेवा. भरपाईत 'वेदना व यातना' असं वेगळं सदर असतं." मी म्हटलं, यातनांना सदर असतं हे आधी कळलं असतं तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच वही सुरू केली असती. ताई खळखळून हसल्या. हे शेजारी बसले होते, ते हसले नाहीत.

आज दुखलं.

७ ऑगस्ट

दोन वह्या केल्या. लाल वही वकिलांची, तिच्यात फक्त दुखणं. ही माझी. ही कुणाला दाखवायची नाही.

काय घडलं ते इथे एकदा लिहून ठेवते, कारण मला स्वतःला त्यातलं अर्धंच माहीत आहे. एप्रिलमध्ये आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली, आयुष्यातली पहिली. १८ मेला खेडला मामेबहिणीकडे निघालो. बोगद्याने गेलो असतो तर दहा मिनिटांत पलीकडे. पण आमच्या घरात नवी घेतलेली गाडी घाटातल्या देवीला दाखवल्याशिवाय पुढे नेत नाहीत, म्हणून जुन्या कशेडी घाटाने. घुमटीपाशी थांबायचं, चाकापुढे नारळ, चालवणाऱ्याच्या कपाळाला अंगारा, मग पुढे. पोलादपूरला स्टँडसमोर चहा घेतला, तो कडवट होता, एवढं आठवतं. त्यानंतरचं पान कोरं आहे. डोळे उघडले ते दवाखान्यात.

बाकीचं ह्यांनी सांगितलं. गाडी हे चालवत होते. घुमटीच्या पुढच्या वळणावर लक्ष चुकलं आणि गाडी उजवीकडच्या कठड्यावर गेली. ह्यांचा डावा दंड खरचटला. माझ्या उजव्या कोपराचा चुरा झाला, आणि उजव्या खांद्यावरून खाली गाडीच्या पट्ट्याचा वळ उठला, तो अजून काळा आहे आणि सारखा खाजतो.

बावीस वर्षं मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. महाडातल्या अर्ध्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. आता कोपर वळत नाही आणि कात्री धरली की बोटं झोपतात. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, दुसरं ऑपरेशन केलं तर कात्री परत धराल. ते एका मास्तराच्या पगारात बसत नाही. म्हणून हा दावा.

१२ ऑगस्ट

अर्जावर सही केली, म्हणजे डाव्या हाताने काहीतरी गिरवलं. अर्जदार, सौ. सरोज यज्ञेश्वर मेहेंदळे. सामनेवाला क्रमांक एक, यज्ञेश्वर मेहेंदळे. क्रमांक दोन, विमा कंपनी. माझा भाऊ देवव्रत समजावत होता, "अगं, दावा भाऊजींवर नावापुरता. पैसे कंपनी देणार. फक्त त्यांनी निष्काळजीपणे गाडी चालवली असं म्हणावं लागतं."

म्हणायला काय, खरंच तर आहे.

हे पहिल्यापासून नको म्हणत होते. का, तर नको म्हणजे नको. पोराने गणितातली एक पायरी गाळली तर शून्य देणारा हा मास्तर, आणि स्वतः पायऱ्या न दाखवता उत्तर सांगतोय! शेवटी मी म्हटलं, "हात माझा गेला आणि अब्रू तुमची जाते होय?" संध्याकाळी शाळेतून आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "घाल दावा."

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. मोदक ह्यांनी केले. कळ्या मोजून अकरा, एकात दहा नाहीत की बारा नाहीत. "अपराधी नवऱ्याच्या हाताला चव असते," असं मी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. ह्यांनी माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला.

तसे सगळंच करतात. भाजी चिरतात, माझी वेणी घालतात, तीही भूमितीसारखी सरळ. रोज शाळेला जायच्या आधी दहा सुयांत दोरे ओवून उशीत टोचून ठेवतात, कारण डाव्या हाताने हूक लावण्यापुरतं काम मी अजून घेते. सगळं करतात, फक्त त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मला राग त्याचाच येतो. एकदा नीट सांगा ना, काय झालं, कसं झालं. माझाच हात होता तो.

१९ सप्टेंबर

विमा कंपनीने कोर्टात आपलं म्हणणं दिलं. बाई डावीकडे बसल्या होत्या, तर उजव्या कोपराला मार कसा आणि गाडीची उजवी बाजू चेपली असताना चालवणाऱ्याला फक्त ओरखडा कसा, असं विचारलंय. राजश्रीताईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. हे चटकन म्हणाले, "ती वळली होती. मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला वळली होती."

वळले असेन. पण पिशवीत काय होतं बरं? मी घरी येऊन तासभर आठवत बसले. खेडला न्यायच्या खोबऱ्याच्या वड्या तर माझ्या पायाशी होत्या, मीच ठेवल्या होत्या.

कंपन्यांना पैसे द्यायचे नसले की असे फाटे फुटतातच.

६ ऑक्टोबर

आधार कार्ड शोधताना ह्यांच्या कपाटाच्या खणात माझा गाडीचा शिकाऊ परवाना सापडला. मी विसरूनच गेले होते. गेल्या वर्षी हौसेने काढला होता, क्लासचे वीस दिवसही केले. माझा फोटो त्यावर चोरासारखा आलाय. मुदत ६ मेला संपलेली. तो ह्यांनी का जपून ठेवला कोण जाणे, ह्यांना कागद टाकवत नाहीत. मी सहज म्हटलं, "ऑपरेशन झालं की पुन्हा शिकेन म्हणते, निदान तुमच्यापेक्षा बरी चालवेन." ह्यांच्या हातातून कपबशी पडली. बशी फुटली, कप वाचला.

१७ ऑक्टोबर

वसुबारस. दरवर्षी या दिवसात माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. आज तीन जणी आल्या, तिघीही आपापली न शिवलेली कापडं परत न्यायला. एक म्हणाली, "तुमच्यासारखी फिटिंग कुणाची नाही हो," आणि कापड घेऊन गेली.

शाळेत मुख्याध्यापकाची जागा यंदा ह्यांना मिळणार होती. ती सुहास सरांना मिळाली. पोलिसांनी अपघाताचा गुन्हा ह्यांच्यावर घातला, ह्यांनी तो कबूल करून दंड भरला, आणि शिक्षा झालेला माणूस संस्थेला खुर्चीत नको. हे ह्यांनी आमटी वाढता वाढता सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी म्हटलं, "तुमची खुर्ची गेली, माझा हात गेला. देवाला हातच हवा होता तर तुमचा घ्यायचा."

हे म्हणाले, "हो."

नुसतं हो. भांडले असते तर बरं झालं असतं. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं मला. मी पाट मागे सारून उठले. आता वाटतंय, बोलायला नको होतं. पण बोलले ते खोटं नव्हतं.

११ डिसेंबर

साक्षीची तारीख पडली, १८ फेब्रुवारी, माणगावला. राजश्रीताईंनी आज सराव घेतला. कंपनीचे वकील उलटतपासणीत काय काय विचारतील ते त्या विचारतात, मी उत्तर द्यायचं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"हे."

"हे म्हणजे कोण? कोर्टात 'हे' चालत नाही, नाव घ्या."

आता सव्वीस वर्षांत उखाण्याबाहेर मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. जीभच वळेना. एकदा "मास्तर" म्हटलं, एकदा "आमचे यजमान". ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सरोजताई, देवाशपथ खरं सांगेन म्हणायचं आणि मग सांगायचं, यज्ञेश्वर मेहेंदळे यांनी निष्काळजीपणे गाडी चालवली. एवढ्या एका वाक्यावर दावा उभा आहे." बाहेर बाकावर हे छत्री उघडून तिच्या काड्या तपासत बसले होते. डिसेंबरात.

२० जानेवारी २०२६

शेजारी हळदीकुंकू. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, एक आगाऊ म्हणाली, "कोर्टात घेणार आहात तसं घ्या!" मग मीही सोडलं नाही:

"चहात घालते आलं, दुधावर धरते साय,
यज्ञेश्वरांचं नाव घेते, दुसरं करणार काय!"

हसून हसून सगळ्या आडव्या झाल्या. घरी येऊन ह्यांना म्हणून दाखवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा हे हसले. हसताना डोळे भरले, तर म्हणाले, कांदा चिरत होतो. विळीवर गाजर होतं.

२ फेब्रुवारी

हे इथेच लिहिते, लाल वहीत नाही.

साक्षीच्या आधी घाटातल्या देवीला नारळ ठेवून यावं असं मनात होतं. देवीने प्राण तर वाचवले. ह्यांना म्हटलं तर, "नको, ऊन आहे, धूळ आहे, इथल्या देवळात ठेव." गेल्या महिन्यातही असंच. आज हे शाळेत गेल्यावर मी एकटीच एस.टी.ने पोलादपूरला गेले, तिथून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, आता बोगद्यामुळे जुन्या घाटाने कुणी येत नाही.

घुमटीपाशी ठकूबाई म्हणून एक म्हातारी बसते, अंगारा-फुलं तीच देते. मला बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"तूच ना गो ती? मास्तरीण? पांढऱ्या गाडीची?"

म्हटलं, हो. तुम्हाला कसं आठवतं?

"आठवणार नाय तर काय! पन्नास वरसं अंगारा लावतंय मी गाडीवाल्यांना, सगळे बाप्ये. चाकावर बसलेली बाय तूच पयली. खिडकीतनं डोकं भायेर काढलंस, मी कपाळाला लावला. मास्तर पल्याड बसलेला. म्हनत होता, घे, घे, घाट तूच घे, भीती जाईल. मी म्हनलं, बरा हाय गो तुझा घोव. नि मंग म्होरं गेलात तो आवाज आला." तिने माझा हात हातात घेतला. "ह्योच ना हात?"

मी नारळ ठेवला की नाही ते आठवत नाही. रिक्षात बसल्यावर उजव्या खांद्याला हात लावला. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डावीकडे बसणाऱ्याचा डाव्या. मी बावीस वर्षं मापं घेते आहे आणि माझ्या स्वतःच्या अंगावरचा वळ कुठल्या बाजूचा ते मला कळलं नाही.

३ फेब्रुवारी

आज हे सकाळी सुया ओवत बसले तेव्हा म्हटलं, "मी काल घुमटीवर गेले होते."

दोरा सुईच्या बाजूने गेला. पुन्हा ओवला. मग म्हणाले, "ठकूबाई आहे अजून?"

"आहे. तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या परवान्याची मुदत बारा दिवसांपूर्वी संपली होती. तारीख बघणं माझं काम. घाटात घे म्हणालो तो मी. तू नको म्हणत होतीस. म्हणजे चूक माझीच येते, कुठूनही सोडवलं तरी." अगदी फळ्यासमोर बोलावं तसं. "पोलीस आले तेव्हा तू शुद्धीत नव्हतीस. त्यांनी विचारलं, कोण चालवत होतं, मी म्हटलं, मी. त्या वेळी दावा-बिवा काही डोक्यात नव्हतं. पुढे देवव्रतने काढलं. तेव्हा नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. होतं ते सांगता येत नव्हतं."

"आणि मी जे बोलले? दिवाळीत?"

"तुला बोलायला कुणीतरी हवं होतं."

मी रडले. सव्वीस वर्षांत ह्यांच्यासमोर इतकी कधी रडले नव्हते. मग म्हटलं, अठरा तारखेला उभी राहून खरं सांगते, मी चालवत होते. हे पहिल्यांदाच घाबरले. म्हणाले, मग पोलिसांना खोटं सांगितलं, कोर्टात खोटा गुन्हा कबूल केला, शाळेत राहताच येणार नाही. "पोरांना मी कॉपीवरून वर्गाबाहेर काढतो, सरोज."

"मग शपथेवर तुमचं नाव घेऊ? तुम्ही निष्काळजी म्हणून?"

"ते तुला जमणार नाही आता."

"मग करू काय? खरं बोलायचं नाही, खोटं बोलायचं नाही."

त्यांनी सुया मोजल्या. नऊच झाल्या होत्या. दहावी ओवून म्हणाले, "गणित सुटत नसलं की पेपर कोरा देतात."

९ फेब्रुवारी

राजश्रीताईंना सांगितलं, दावा मागे घ्यायचा. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ऑपरेशनचं काय? आता काठावर आलोय आपण. घरातून दबाव आहे का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी ह्यांच्याकडे जे पाहिलं ते मला सहन झालं नाही. बायकोला धमकावून गप्प करणाऱ्या नवऱ्याकडे पाहतात तसं पाहिलं.

देवव्रत फोनवर ह्यांना काय काय बोलला ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. हे "बरोबर आहे तुझं" एवढंच म्हणत होते.

१८ फेब्रुवारी

माणगाव. दावा मागे घेत असल्याचा कागद ताईंनी दिला. न्यायाधीश साहेबांनी मला पुढे बोलावलं. "बाई, कुणाच्या दबावाखाली मागे घेताय का?" मी म्हटलं, नाही. दबाव होता, पण नाव घेण्यासारखा कुणी नव्हता. दोन मिनिटांत संपलं. यज्ञेश्वर हे नाव मला कोर्टात घ्यावं लागलं नाही. शिपायाने पुकारलं तेवढंच.

येताना एस.टी.त खिडकीची जागा ह्यांनी मला दिली. कात्रीचा विषय दोघांनीही काढला नाही. लोणेरे मागे गेल्यावर मी ह्यांचा हात धरला, आजूबाजूला माणसं असताना. हे बाहेर बघत राहिले, पण हात सोडवून घेतला नाही.

२७ फेब्रुवारी

गावभर झालंय. सरोजताईंनी नवऱ्याला माफ केलं. वाण्याकडे म्हणाले, देवळात म्हणाले. काल सुहास सरांची बायको मुद्दाम येऊन माझ्या पाया पडून गेली. मी तिला उठवता उठवता म्हणणार होते, अगं, चुकीच्या माणसाच्या पाया पडतेस. घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आता ते तिथेच राहणार आहे, मी जिवंत असेपर्यंत. वर वाटतं, बरंही आहे. हे सगळं पचवायला एकट्या ह्यांनाच का लावायचं.

लाल वही आज बंबात घातली. तिच्यात सगळीकडे "आज दुखलं" एवढंच होतं.

आज रविवार नसूनही शाळेला सुट्टी होती. हे माझ्या खोलीत खाली बसून सुया ओवत होते. हळद्यांची सून हूक लावायला दिलेला ब्लाउज न्यायला आली. ह्यांच्याकडे एकदा बघितलं, मग मला म्हणाली, "काकू, तुमच्यासारखं मन पाहिजे हो. एवढं सोसून माफ करायचं म्हणजे सोपं नाही. काका नशीबवान आहेत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला ओरडून सांगायचं होतं. ह्यांनी मान वर केली नाही. सुई उजेडात धरली, दोरा ओवला, उशीत टोचला आणि म्हणाले, "खरं आहे."